फिलर सोडायचे की बघायचे? ॲक्शन ॲनिमेतल्या हलक्याफुलक्या भागांबद्दल

प्रश्न असा आलाय: "ताई, मी नारुतो बघतोय, नेटवर फिलरची यादी मिळाली ती समोर ठेवून मधले सगळे भाग सोडत सोडत १३५ पर्यंत आलो. आता पुढे १३६ ते २१९ सलग फिलर दाखवतंय. ॲक्शनच्या सिरीजमध्ये हे गंमतीजमतीचे भाग बनवतात तरी कशाला, त्यांनी कथेत काय फरक पडतो, आणि मी थेट शिपुदेन सुरू केलं तर काय बिघडेल?"

फिलर म्हणजे मूळ मांगात, म्हणजे ज्या जपानी कॉमिकवरून सिरीज बनते त्यात, नसलेले आणि टीव्हीवाल्यांनी मधे घातलेले भाग. आणि शिपुदेन ही नारुतोचीच पुढची सिरीज. आधी थोडक्यात उत्तर देते. त्या ८४ भागांपैकी बरेचसे सोडलेस तर फार काही बिघडणार नाही. पण त्याच यादीच्या नादाने तू १०१ नंबरचा भागही सोडला असणार, आणि तो सोडायला नको होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं ते आता नीट सांगते, कारण यादीत दोन्हीसमोर एकच शब्द लिहिलेला असतो, फिलर, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

मी स्टोरीबोर्डचं काम करते. म्हणजे स्क्रिप्ट हातात आली की कुठला शॉट कुठून दिसणार, किती सेकंद टिकणार, कोण कुणाकडे बघणार, कोण फ्रेमच्या बाहेर राहणार हे सगळं ॲनिमेशन सुरू व्हायच्या आधी काढून द्यायचं. जपानच्या स्टुडिओत नाही, इथेच, मुलांच्या ॲक्शन सिरीजवर, बरीच वर्षं झाली. पण आमच्यातले बहुतेक जण ही कला जपानी भाग थांबवत थांबवत, एकेक शॉट मोजत शिकलेत, मीही तशीच. त्यामुळे मी जे सांगतीये ते चाहती म्हणून आहेच पण त्याहून जास्त काम करणारी म्हणून आहे.

१०१ मध्ये काय आहे? नारुतो, साकुरा आणि सासुके या निन्जा शिकणाऱ्या तिघांच्या डोक्यात येतं की काकाशी सरांचा चेहरा आपण कधी बघितलाच नाहीये, कायम मास्क. मास्कखाली काय असेल, जाड ओठ असतील की पुढे आलेले दात? बस, एवढाच विषय. सासुके आधी नाक मुरडतो आणि मग तोही अडकतो. इचिराकू या दुकानात रामेन खायला घालून चेहरा बघायचा प्लॅन करतात, आणि नेमक्या क्षणी दुसऱ्या टीमचे इनो, शिकामारू आणि चोजी मधे येऊन उभे राहतात. काउंटरपलीकडच्या तेउची आणि आयामेला चेहरा दिसतो, दोघांच्या डोळ्यांत बदाम, आणि आपल्याला काहीच नाही. शेवटी काकाशी म्हणतो घ्या दाखवतो, मास्कखाली काय आहे, तर अजून एक मास्क! भाग संपला. कुणी मेलं नाही, कुणाची ताकद वाढली नाही, कथा एक इंचही पुढे सरकली नाही.

आता तू यादीप्रमाणे १०० वरून थेट १०७ वर उडी मारली असशील. १०७ मध्ये साकुराने कापून दिलेली सफरचंदं सासुके हात मारून उडवून लावतो, मग हॉस्पिटलच्या गच्चीवर नारुतो आणि सासुके एकमेकांवर खरोखर तुटून पडतात, रासेनगान आणि चिदोरी हे दोघांचे सगळ्यात घातक वार समोरासमोर, आणि तिथून जी घसरण सुरू होते ती तू बघितलेल्या १३३-१३४ च्या त्या दरीतल्या लढाईपर्यंत. म्हणजे यादी वापरणाऱ्याला टीम सात, म्हणजे काकाशी आणि हे तिघं, तुटताना दिसते, पण तुटायच्या आधी ती एकत्र कशी होती ते मात्र फार जुनं झालेलं असतं, कारण चुनिन परीक्षेपासून, म्हणजे निन्जांच्या बढतीच्या परीक्षेपासून, पुढे या तिघांना एका जागी निवांत असं कुणी बसूच दिलेलं नाही. परीक्षा, हल्ला, होकागेचा म्हणजे गावप्रमुखाचा मृत्यू, सासुकेचा भाऊ इताची, त्सुनादेचा शोध, सगळं एकामागून एक. १०१ हा तो भाग आहे ज्यात हे तिघं एकाच गोष्टीच्या मागे वेड्यासारखे धावतात आणि ती गोष्ट बदला नाही, ताकद नाही, नुसती उत्सुकता. सासुके बारा-तेरा वर्षांच्या मुलासारखा वागताना त्यानंतर बराच काळ दिसत नाही. गच्चीवरची मारामारी मी १०१ बघून परत बघितली तेव्हा सफरचंदाची बशी पडते त्या शॉटला पोटात कालवलं, आधी तसं झालं नव्हतं.

यावर लोक म्हणतात की हे तुझं वाटणं झालं, पुरावा काय. एक फार चांगला पुरावा आहे, कारण एकच कथा दोनदा ॲनिमे झाली आणि हलके प्रसंग एकीत जास्त आणि दुसरीत कमी आहेत. फुलमेटल अल्केमिस्ट. बघितलं नसशील तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडून दे, मोठी गोष्ट फुटणार आहे. हिरोमू अराकावाच्या मांगावर २००३ ला एक सिरीज आली, ५१ भागांची, आणि मग २००९ ला ब्रदरहूड, ६४ भागांची. दोन्हीत मेझ ह्युज नावाचा एक अधिकारी आहे, सतत आपल्या पोरीचे फोटो दाखवून सगळ्यांना पिडणारा. दोन्हीत तो मरतो. ब्रदरहूडमध्ये दहाव्या भागात, २००३ मध्ये पंचविसाव्या. २००३ वाल्यांनी त्याला सुरुवातीपासून आणला, पाचव्या भागात रेल्वेत, आणि सहाव्या भागात तर कथेचे नायक एड आणि आल हे भाऊ त्याच्या घरी वाढदिवसाला असताना त्याच्या बायकोच्या कळा सुरू होतात आणि त्या पोरीचा जन्म या दोघांच्या समोर होतो. हे मूळ मांगात नाही. टीव्हीवाल्यांनी घातलेलं आहे, यादीवाल्यांच्या भाषेत सरळ सरळ भर.

आणि परिणाम बघ. अंत्यविधीचा प्रसंग दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे, ती छोटी मुलगी विचारते की बाबांना का पुरताय, त्यांना खूप काम आहे. ब्रदरहूडमध्ये वाईट वाटतं, नक्कीच वाटतं. २००३ मध्ये मात्र ती मुलगी जन्मली त्या रात्री तू त्या घरात होतास. ब्रदरहूड एकूण सिरीज म्हणून जास्त बांधीव आहे असं मीही मानते, तिचा शेवट तर फारच जमलाय, पण ह्युजच्या मृत्यूपुरतं २००३ च पुढे आहे आणि ते त्या पंधरा भागांमुळे आहे, त्यातल्या चेष्टेमस्करीमुळे आहे. मृत्यूचा शॉट कितीही सुंदर काढला तरी त्यात जीव आधीच्या हसण्यातून येतो, बोर्डवर बसून तो आयत्या वेळी घालता येत नाही.

आता फिलर बनतात का, हा तुझा पहिला प्रश्न. कारण अगदी व्यवहारी आहे. जपानमध्ये ही मांगा साप्ताहिकात येते, आठवड्याला एक प्रकरण, साधारण एकोणीस-वीस पानं. ॲनिमेचा एक भाग वीस-बावीस मिनिटांचा, त्यात नेहमीच्या वेगाने दोन तरी प्रकरणं खपतात. म्हणजे ॲनिमे दुप्पट वेगाने पळतोय आणि लेखक बिचारा एकटा आपल्या वेगाने काढतोय, कितीही मागून सुरुवात केली तरी वर्ष-दोन वर्षांत ॲनिमे मांगाच्या पाठीवर येऊन आदळणारच. मग करायचं काय? थांबता येत नव्हतं, कारण दर आठवड्याचा ठरलेला स्लॉट, त्यावर जाहिराती, खेळणी, सगळं लटकलेलं. मग एक तर ताणायचं. ड्रॅगन बॉल झी मध्ये खलनायक फ्रीझा म्हणतो की नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि ती पाच मिनिटं जवळपास दहा भाग चालतात! वन पीसने पुढे पुढे हाच रस्ता धरला, एका भागात जेमतेम एक प्रकरण, मग धावण्याचे शॉट लांब, बघणाऱ्यांचे धक्का बसलेले चेहरे एकामागून एक, आधीच्या भागातलं परत. किंवा मग मधे स्वतःची गोष्ट घालायची, म्हणजे फिलर. मूळ नारुतोमध्ये १३५ ला मांगाचा पहिला मोठा टप्पा संपला, पुढचा टप्पा लेखकाने नुकता कुठे सुरू केला होता, म्हणून दीड वर्षाहून जास्त काळ ती सिरीज बनवणाऱ्या स्टुडिओ पिएरोने तुझे ते ८४ आठवडे स्वतःच्या बळावर काढले.

माझं मत विचारशील तर ताणण्यापेक्षा फिलर शंभर पटीने बरा. ताणलेला भाग मूळ कथेलाच पातळ करतो आणि तो तुला सोडताही येत नाही. फिलर निदान वेगळा ठेवलेला असतो.

अजून एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. टीव्हीच्या एका भागात साधारण तीनेकशे शॉट असतात, कट म्हणतात त्याला. प्रत्येक कटचा लेआउट, मग मुख्य चित्रं, मग मधली चित्रं, तपासणी, रंग. मारामारीच्या भागात एकेका कटला किती चित्रं लागतात त्याला सुमार नाही. नारुतोचा १३३ आठव, तो ३० नंबरच्या भागासारखाच अत्सुशी वाकाबायाशीने दिग्दर्शित केलाय आणि नोरिओ मात्सुमोतोची ॲनिमेशन आहे, आजही लोक फ्रेम फ्रेम करून बघतात. अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि असा भाग आठवड्यात तयार होत नाही, महिनोन्महिने आधी हाती घ्यावा लागतो. मग तेवढ्या वेळात दर आठवड्याला टीव्हीवर काय जाणार? कमी चित्रांचे, साध्या जागांवरचे, बोलण्यावर चालणारे भाग. वेगवेगळ्या टीम आळीपाळीने भाग करत असतात आणि त्या रांगेत हलका भाग आला की मोठ्या भागाच्या टीमला तेवढा श्वास मिळतो. म्हणजे तुला आवडलेली ती दरीतली मारामारी तशी दिसते यामागे असल्या साध्या भागांचाही वाटा असतो.

पण "साधा" म्हणजे सोपा असं मात्र समजू नकोस, हे मी पोटतिडकीने सांगते. बोर्डवर सगळ्यात अवघड काम कुठलं विचारलंस तर मी सांगेन, चार कॅरेक्टरना जेवायला बसवणं. मारामारीत कॅमेरा फिरव, धूळ उडव, वेग दाखव, दोन सेकंदांचा कट, चूक झाकली जाते. जेवताना काहीच झाकलं जात नाही. कोण आधी वाटी उचलतं, कोण दुसऱ्याच्या ताटात बघतं, कोण बोलताना चॉपस्टिक हातात धरून ठेवतं, हे सगळं त्या माणसाचंच असावं लागतं, नाहीतर चार बाहुल्या बसल्यासारखं दिसतं. आणि विनोदाचं टायमिंग तर फ्रेममध्ये मोजतात. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यात एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरायचं, आणि जोकनंतरचा तो स्तब्ध चेहरा चार-सहा फ्रेम इकडेतिकडे झाला की जोक मेला. काकाशीचा दुसरा मास्क दिसतो तिथे आधी किती वेळ काहीच होत नाही ते बघ, बोटं मास्कवर, पोरांचे चेहरे, परत बोटं, परत चेहरे. ते ताणणं अगदी बरोबर जागी आहे. असल्या भागात चेहरे मोडायची मुभाही मिळते, मॉडेल शीट, म्हणजे कॅरेक्टर कसं काढायचं त्याचा ठरलेला नमुना, बाजूला ठेवून डोळे टिंबाएवढे करायचे, तोंड सुपाएवढं करायचं, आणि नवीन ॲनिमेटरचा हात इथेच मोकळा होतो.

आता वाईट फिलरचं बोलू, कारण तू सोडतोयस ते उगीच नाही. माझ्या मते खरी अडचण हलक्या भागांची नसते, गंभीर फिलरची असते. ब्लीचमध्ये १६८ ते १८९ हे बावीस भाग बघ, ह्युको मुंडो या शत्रूच्या मुलखातली लढाई अर्धवट सोडून मधेच अमागाई नावाच्या एका नव्या कॅप्टनची कथा सुरू होते, ती संपते आणि १९० पासून परत जिथे होतो तिथे. त्यात नवी माणसं आहेत, कटकारस्थान आहे, भावुक शेवटही आहे. पण या कथेला एक बंधन आहे, मूळ मांगातलं काहीही हलता कामा नये, कारण पुढच्या आठवड्यात परत तिथेच जायचंय. म्हणजे शत्रू कितीही भयंकर दाखवला तरी कुणाला काही होणार नाही, कुणी काही शिकलं तरी विसरणार, आणि हे बघणाऱ्याला पहिल्या भागापासून ठाऊक असतं. जीव धोक्यात आहे असं वारंवार सांगायचं आणि शेवटी सगळं पुसून टाकायचं, यात प्रेक्षक फसवला गेल्यासारखा होतो, आणि तो चिडतो ते योग्यच आहे.

हलक्या भागाला हा त्रासच नाही. तो कसलाही धोका सांगत नाही, त्यामुळे शेवटी पुसायलाही काही नसतं. काकाशीचा चेहरा दिसला नाही, ठीक आहे, सगळे घरी गेले. कथेत काहीच बदललं नाही पण बघणाऱ्यात बदललं, त्याची या माणसांशी ओळख वाढली, आणि ती ओळख पुढच्या भागात कुणी काढून घेऊ शकत नाही. मूळ कथेला हात न लावता टीव्हीवाले खरोखर भर घालू शकतील अशी जागा मला तरी ही एकच दिसते, आणि म्हणून मी या भागांच्या बाजूने इतकी भांडते.

ड्रॅगन बॉल झी चा १२५ वा भाग घे, आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर हिंदीत ही सिरीज बघत वाढलेली अख्खी पिढी आहे, त्यांना विचार, सेल या खलनायकाचे डायलॉग विसरले असतील पण हा भाग आठवत असतो. ट्रंक्स भविष्यातून येऊन सांगून गेलाय की तीन वर्षांनी ॲन्ड्रॉइड म्हणजे मारेकरी यंत्रमानव येणार आणि सगळे मरणार. सगळे तयारी करतायत. आणि गोकूची बायको चीची म्हणते, आधी गाडी चालवायला शिका आणि लायसन्स काढा! तिच्या हट्टापुढे गोकू आणि पिकोलो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. पिकोलो टोपी घालून, छातीवर पोस्टबॉय लिहिलेला टी-शर्ट, स्टिअरिंग हातात, आणि चेहरा मात्र युद्धावर निघाल्यासारखा. उडता येणाऱ्या दोन माणसांना गाडी जमत नाही, लायसन्स काही मिळत नाही. हसून हसून पुरेवाट होते, पण मधे कधीतरी लक्षात येतं की हा पिकोलो एके काळी या गोकूला मारायलाच निघाला होता. तो बदलला हे लढाईतून आपल्याला माहीत असतं, गोकूच्या मुलासाठी, गोहानसाठी, त्याने जीव दिलेला आपण बघितलेला असतो. पण तो आता त्या घरातला झालाय, चीचीने झापलं की गुपचूप ऐकतो, हे दाखवायला हा भागच लागतो. जागाही किती बरोबर निवडलीये, ॲन्ड्रॉइड येण्याच्या अगदी तोंडावर. ती तीन वर्षं नुसती ट्रेनिंगमध्ये दाखवली असती तर ही माणसं नेमकं काय वाचवायला लढतायत ते कोरडंच राहिलं असतं.

वन पीसचे १९६ ते २०६ हे भाग तर मी नव्या मुलांना अभ्यासाला देते, जी-८ म्हणतात त्याला. स्कायपिया या आकाशातल्या बेटावरून खाली येताना चाच्यांचा कप्तान लुफीचं जहाज थेट नौदलाच्या किल्ल्याच्या आत उतरतं. मग लपाछपी. लुफी आणि त्याचा स्वयंपाकी सांजी स्वयंपाकघरात घुसतात आणि सांजीला तिथलं वाया जाणारं अन्न बघवत नाही, जहाजाचा डॉक्टर चॉपर दवाखान्यात पोचतो जिथल्या डॉक्टरीण बाईंना रक्ताची भीती वाटते, आणि समोर जोनाथन नावाचा व्हाइस ॲडमिरल, मासेमारीचा शौकीन, शांत डोक्याचा. अकरा भाग आहेत पण एकही मोठी लढाई नाही, सगळी गंमत प्रत्येकाच्या स्वभावातून येते. शत्रूच्या गोटात लपलेला असतानाही चॉपर आजारी माणूस दिसला की थांबणारच. लेखकाने सांगितलेलं काहीही न बदलता टीव्हीच्या टीमने या पोरांना किती आत ओळखलंय ते इथे दिसतं. आणि यानंतर थोड्याच काळात वॉटर सेव्हनची कथा येते, जिथे ही टोळी फुटायला लागते. परत तेच बघ, एकत्र असल्याचा आनंद आधी, ताटातूट नंतर.

यावर कुणी म्हणेल की हे सगळं मांगा मागे पडला म्हणून झालं, नाइलाजाने केलेल्या गोष्टीला तुम्ही गुण म्हणताय. मग सामुराई चांपलू बघ. तिला मांगाची अडचणच नव्हती, ती मुळात ॲनिमे म्हणूनच लिहिली गेली, शिनिचिरो वातानाबेची, २००४-०५, सव्वीस भाग. शेवटचे तीन भाग सलग एक कथा आहेत आणि त्यात नायक मुगेन आणि जिन दोघंही मरणाच्या दारात जाऊन येतात. आणि त्याच्या लगेच आधी, तेविसावा भाग काय आहे? बेसबॉल. जहाजातून आलेल्या अमेरिकनांविरुद्ध एदो काळातल्या जपान्यांचा बेसबॉलचा सामना, निम्मी टीम जखमी होऊन पडते, निव्वळ धुडगूस. पूर्ण मोकळीक असलेल्या दिग्दर्शकाने हाताशी उरलेल्या चार भागांपैकी एक यावर खर्च केला. कारण पुढे तीन भाग घट्ट आवळायचे होते तर आधी दोर सैल सोडावा लागतो. नाइलाज नसतानाही अनुभवी माणूस हे करतो, म्हणजे त्याची गरज कथेलाच असते.

फक्त जागा चुकली की सगळं वाया. शिपुदेनमध्ये चौथं निन्जा महायुद्ध ऐन भरात असताना ३७६-३७७ ला मेका-नारुतो येतो, नारुतोचा यांत्रिक अवतार, त्याच वर्षी येणाऱ्या एका व्हिडिओ गेममधलं कॅरेक्टर. तो भाग एरवी कुठे आला असता तर पोरांनी मजेत बघितला असता. पण मागच्या आठवड्यात माणसं मरत होती आणि पुढच्या आठवड्यात परत मरणार आहेत, मधे हे. बघणाऱ्याचा श्वास अर्ध्यात तोडायचा नसतो. एक लढाई संपल्यावर आणि दुसरी दिसायला लागायच्या आधी, ती फट असते, तिथेच हलका भाग बसतो.

हल्लीच्या सिरीज बारा, चोवीस, सव्वीस भागांच्या सीझनमध्ये येतात, मधे थांबतात, त्यामुळे फिलर जवळपास संपलेत. वन पीससुद्धा २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भागांवर आलंय. चांगलंच आहे, काम करणाऱ्यांसाठी तर फारच चांगलं. पण हलकेपणाची भूक गेलेली नाहीये. जुजुत्सू काइसेनच्या पहिल्या सीझनमध्ये भाग संपल्यावर जुजु सांपो नावाचे छोटे विनोदी तुकडे असायचे, डीमन स्लेयरमध्ये भागाच्या शेवटी तैशो काळातल्या गुपितांच्या गप्पा, म्हणजे जो पूर्वी अख्खा भाग असायचा तो आता अर्ध्या मिनिटात बसवलाय. आणि जुजुत्सूचा एकविसावा भाग तर अख्खा बेसबॉलवर आहे, तो मांगातलाच आहे, फिलर नाही. क्योटो आणि टोकियोच्या शाळांची पोरं नुकतीच एकमेकांच्या जिवावर उठलेली, आणि मग मेकामारू या यांत्रिक खेळाडूच्या जागी मैदानात चक्क बॉल फेकायचं मशीन उभं! पुढची शिबुयाची भीषण लढाई बघून झाल्यावर हा भाग परत बघ, तेव्हा कळेल तो कशासाठी ठेवला होता. मला खंत एवढीच की सीझनच्या घाईत असा अख्खा भाग मिळणं आता नशिबाची गोष्ट झालीये, आणि कितीतरी चांगली दुय्यम कॅरेक्टर ओळख व्हायच्या आधीच मरतात.

आता तू काय करायचंस. आधी मागे जा आणि १०१ बघ, आणि शक्य असेल तर लगेच १०७ परत लाव. १३६ च्या पुढे सगळं बघायची सक्ती नाही, गंभीर फिलर कथा सरळ सोड, त्यांचं कारण वर सांगितलंय. पण १४८ ते १५१ घे, तो किडा शोधायला जातात ते, कारण हिनाताला मूळ कथेने फार कमी दिलंय आणि इथे तिला स्वतःची जागा मिळते. १८६ घे, ज्यात कधीही न हसणाऱ्या शिनोला नको तिथे हसू आवरत नाही. बाकी भागांची नावं चाळ, ज्याच्याबद्दल मूळ कथेत तुला अजून हवं होतं असं कॅरेक्टर दिसलं तर तो भाग लाव, दहा मिनिटं बघ, ते कॅरेक्टर तुझ्या ओळखीचंच वागतंय असं वाटलं तर पुढे बघ, नुसतं नाव तेच आणि वागणं कुणाचंही असं असेल तर बंद कर. २२० मात्र सोडू नकोस, त्यात नारुतो गाव सोडून निघतो.

शिपुदेनमध्ये यादी वापर पण तिच्यावर सगळं सोपवू नकोस. युद्ध सुरू झाल्यावर मधे येणारे तुकडे बिनधास्त गाळ आणि युद्ध सलग बघ. ४६९ हा भाग काकाशीच्या चेहऱ्याचाच आहे, १०१ नंतर बारा वर्षांनी आलेला, पण तो शेवटच्या लढाईच्या मधोमध टाकलाय, तेव्हा तो बाजूला ठेव आणि लढाई संपल्यावर बघ. आणि शेवटचे सात भाग, ४९४ ते ५००, त्यात एकही मोठी लढाई नाही म्हणून काही जण तिथेच सिरीज संपली समजून थांबतात. गावात एक लग्न आहे आणि सगळे आहेर काय द्यायचा यावर डोकं खाजवतायत, एवढाच विषय. ते बघच, एका दिवसात एक असे बघ, आणि कुणाचं लग्न, कोण कुणाला काय विचारतं, हे तोवर कुणाला विचारू नकोस.